गणिताची तालीम



आपल्या कोल्हापुरात ‘तालीम’ म्हटले की डोळ्यांपुढे लाल मातीचा आखाडा, शड्डूचा आवाज आणि काठावर उभे राहून डाव सांगणारे वस्ताद येतात. मंगळवार पेठेत वाढलेल्या मुलाला हा शब्द समजावून द्यावा लागत नाही. परंतु आपल्या घरांतील वडीलधारी माणसे ‘बच्चों की तालीम’ म्हणतात तेव्हा त्यांना शिक्षण अभिप्रेत असते. मूळचा अरबी शब्द एकच, अर्थ शिकवणे. आणि वस्ताद तरी कोण? उस्तादच. पेठेने या दोन शब्दांना मातीत उतरवले, इतकेच. आज मी ज्या तालमीची हकिकत सांगणार आहे तिच्यात माती नव्हती. फळा, खडू आणि वह्या होत्या.

निमित्त असे घडले. पेठेतील एक गॅरेजवाले गृहस्थ बारावीतल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, ‘‘सर, हे पोरगं गणितच शिकणार म्हणतंय. इंजिनिअरिंग नको म्हणतंय. नुसतं गणित शिकून खाणार काय हो?’’ मी त्यांना विद्यापीठे, संशोधनवृत्ती, प्राध्यापकी असे काहीबाही सांगितले. त्यांचे समाधान झाले नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. जाता जाता मुलाने हळूच विचारले, ‘‘सर, पण गणित तर सगळं शोधून झालंय ना? नवीन काय उरलंय?’’ बापाच्या प्रश्नापेक्षा मला हा प्रश्न अधिक अवघड वाटला. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

आपल्या स्मरणिकांतून गणिताचा विषय निघाला की आपण बगदादच्या अल-ख्वारिज्मीचे नाव घेतो. घ्यावेच, त्याच्या ग्रंथाच्या नावातील ‘अल-जब्र’ या शब्दावरूनच युरोपात बीजगणिताला नाव मिळाले. पण ही गोष्ट नवव्या शतकातली. मुलाला वाटते, मोठे काम जुन्या लोकांनी केले आणि ते दूरच्या देशात केले. म्हणून आज जवळची गोष्ट घेऊ. तीत अलिगढ आहे, मुंबई आहे, आणि तिची सुरुवात दहावीच्या वर्गात होते.

दहावीला क्रेमरची रीत शिकताना तुम्ही निश्चयक काढता. पहिल्या ओळीत ३ आणि १, दुसऱ्या ओळीत १ आणि २. तिरपा गुणाकार ६, दुसरा तिरपा गुणाकार १, वजाबाकी ५. उत्तर येते आणि आपण पुढे जातो. मी विद्यार्थी असताना ‘ही वजाबाकी कसली?’ असे विचारले होते, तेव्हा ‘ते परीक्षेला नाही’ असे उत्तर मिळाले होते. पुढे कळले की ही वजाबाकी म्हणजे क्षेत्रफळ. आलेखाच्या कागदावर आरंभबिंदूपासून (३, १) पर्यंत एक बाण काढा, (१, २) पर्यंत दुसरा काढा, आणि त्यांच्यावर समांतरभुज चौकोन पुरा करा. त्याचे क्षेत्रफळ ५ चौकटी भरते. बाणांचा क्रम बदलला तर निश्चयक उणे ५ येतो. म्हणजे हे नुसते क्षेत्रफळ नव्हे. कोणत्या बाजूने फिरून मोजले याची खूणही त्यात राहते.

आता वह्यांची एक चळत टेबलावर ठेवून वरून हलकेच एका बाजूला ढकला. समोरून पाहिले तर आयताचा तिरका चौकोन झाला. क्षेत्रफळ मात्र तेवढेच राहिले. पातळीचे असे जे जे बदल क्षेत्रफळ आणि त्याचे चिन्ह दोन्ही राखतात, त्या सर्वांचा मिळून एक ‘गट’ होतो. पातळीऐवजी चार मिती घेतल्या, त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या केल्या, आणि दोन्ही जोड्यांच्या निश्चयकांची बेरीज राखणारेच बदल स्वीकारले, तर जो गट मिळतो त्याला सिम्प्लेक्टिक गट म्हणतात. चार मितींत नुसते घनफळ राखणाऱ्या बदलांना १५ स्वतंत्र दिशांनी हालचाल करता येते. सिम्प्लेक्टिक बदलांना १० च दिशा मोकळ्या असतात. नियम कडक, म्हणून माणसे थोडी, आणि म्हणूनच शिस्त मोठी. हे नाव हेर्मान वाइल या जर्मन गणितज्ञाने १९३९ च्या आपल्या ग्रंथात रूढ केले.

या गटाचा आणि संख्यांचा संबंध काय? येथेच खरी गंमत आहे. ५ ही संख्या चार वर्गांच्या बेरजेने किती प्रकारे लिहिता येईल ते मोजा. शून्य चालेल, उणे संख्या चालतील, क्रम बदलला तर प्रकार वेगळा धरा. ४ अधिक १ अधिक दोन शून्ये; जागा निवडण्याचे १२ मार्ग, चिन्हांचे ४; एकूण ४८. आता ५ चे विभाजक घ्या : १ आणि ५. बेरीज ६. तिची आठपट ४८. ७ घेतले तर १ आणि ७, बेरीज ८, आठपट ६४. मोजून पाहा, ६४ च येतात. (४ ने भाग जाणारे विभाजक मात्र वगळावयाचे.) एकोणिसाव्या शतकात याकोबीने हे सर्व संख्यांसाठी सिद्ध केले. वर्गांचा आणि विभाजकांचा वरकरणी काही नातेसंबंध दिसत नाही. पण या सर्व मोजण्या एका अनंत श्रेणीत ओवल्या तर त्या श्रेणीच्या अंगी विलक्षण सममिती येते : निश्चयक १ असलेल्या पूर्णांकी बदलांपैकी पुष्कळशा बदलांनी ती हलत नाही, हलली तरी ठरलेल्या रीतीनेच हलते. अशा श्रेणींना मॉड्युलर फॉर्म म्हणतात. त्यांना इतके नियम पाळावे लागतात की त्या फार थोड्या असतात. आणि थोड्या असल्यामुळे दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या श्रेणी एकच निघणे त्यांना भाग पडते. ४८ बरोबर ४८ होण्यामागचे कारण हे आहे.

कार्ल लुडविग झीगेल याने १९३० नंतरच्या दशकात एक पाऊल पुढे टाकले. एका बाणाची लांबी मोजण्याऐवजी त्याने दोन बाण एकदम घेतले : दोघांच्या लांब्या आणि त्यांच्यामधला कल, तिन्ही ठरवून दिल्यावर असे जोड किती? ही मोजणी ज्या श्रेणीत ओवली जाते तिची सममिती दोन मितींच्या गटात मावत नाही. तिला चार मितींचा सिम्प्लेक्टिक गट लागतो. १९३९ साली त्याने या श्रेणींचा पाया घातला. आज त्यांना झीगेल मॉड्युलर फॉर्म म्हणतात. नाझी राजवटीचा तिटकारा असलेला हा माणूस १९४० मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेस गेला, आणि युद्धानंतर काही वर्षांनी परतला.

आता अलिगढला चला. १९३० साली तेथील मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू होते सर सय्यद अहमद यांचे नातू सय्यद रॉस मसूद. त्यांनी गणिताच्या प्राध्यापकपदावर आणला तो आंद्रे वेय नावाचा तेवीस वर्षांचा फ्रेंच तरुण. हे वय आज आपल्याकडे एम.एस्सी. संपवून सेट-नेटची पुस्तके चाळण्याचे! वेयने आपल्याभोवती जे तरुण जमवले त्यांत दामोदर धर्मानंद कोसंबी हा गोव्यात जन्मलेला, मराठी घरातला गणिती होता. वेय १९३२ मध्ये परतला; कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. आपण त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, ते योग्यच. पण पोटाचा धंदा गणिताचा होता. वेयला आपण थोडा वेळ येथेच सोडू. तो पुन्हा भेटेल.

टाटा संस्था होमी भाभांनी १९४५ मध्ये बंगलोरला सुरू केली आणि त्याच वर्षाअखेर मुंबईस आणली. कुलाब्याची आजची इमारत १९६२ ची. त्यापूर्वी बरीच वर्षे संस्था गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या वास्तूत होती. गणिताची शाखा उभी केली के. चंद्रशेखरन् यांनी, आणि १९५१ पासून त्यांच्या जोडीला के. जी. रामनाथन् होते. रामनाथन् प्रिन्स्टनला शिकले होते आणि झीगेलच्या गणिताने भारलेले होते. या दोघांनी जी पद्धत घातली ती मला अगदी आपल्या तालमीसारखी वाटते. परदेशातून नामवंत वस्ताद बोलवावयाचा, त्याने महिनोन् महिने फळ्यावर शिकवावयाचे, आणि संस्थेतल्या एखाद्या तरुणाने ती व्याख्याने लिहून काढावयाची. नुसती उतरवून घ्यावयाची असे नव्हे. जेथे वस्तादाने ‘हे उघड आहे’ म्हणून उडी मारली असेल तेथे लिहिणाऱ्याने स्वतः पायऱ्या बांधावयाच्या. हे काम करून पाहिलेल्यालाच ठाऊक, की वही पुरी होईतो लिहिणारा स्वतः पहिलवान झालेला असतो.

१९५४-५५ साली हान्स मास हा जर्मन गणितज्ञ मुंबईस आला आणि झीगेलच्या मॉड्युलर फलांवर त्याने व्याख्याने दिली. ती टी. पी. श्रीनिवासन् यांनी लिहून काढली. पाठोपाठ खुद्द झीगेल आला. त्याची वर्गरूपांवरची व्याख्याने रामनाथन् यांनी लिहिली, आणि पुढील खेपेची एस. राघवन् यांनी. म्हणजे ज्या विषयाचा जन्म होऊन पंधरा वर्षे झाली होती, ज्यावर जगात फार थोडी माणसे काम करीत होती, तो विषय स्वातंत्र्यानंतर आठव्या वर्षी मुंबईच्या तरुणांच्या वह्यांत उतरत होता.

१९५६ च्या फेब्रुवारीत संस्थेने झेटा फलांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. झीगेल, मास, मार्टिन आइशलर यांच्याबरोबर आटले सेलबर्ग हा नॉर्वेचा गणितज्ञ आला होता. सेलबर्गने त्या निमित्ताने जो निबंध दिला तो भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात १९५६ सालीच छापला गेला. त्यातील ‘ट्रेस सूत्र’ आज या शास्त्राचा कणा मानले जाते. जगभरचे संशोधक आजही त्या निबंधाचा दाखला देताना आपल्याच देशातील नियतकालिकाचे नाव लिहितात, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

सेलबर्गच्या निबंधाच्या शीर्षकात ‘हार्मोनिक’ हा शब्द आहे आणि तो उगाच नाही. शाहू महाराजांच्या दरबारचे गायक उस्ताद अल्लादिया खाँसाहेब यांच्यामुळे आपल्या गावाला तंबोऱ्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. तंबोऱ्याची एकच तार छेडली तरी कानी येणारा स्वर एकटा नसतो. जाणकाराला त्यात गंधार ऐकू येतो, पंचम ऐकू येतो. मिश्र नादाचे शुद्ध स्वरांत पृथक्करण करणे, हे एका वर्तुळाच्या सममितीचे काम आहे. तसेच पृथक्करण कोणत्याही गटाच्या सममितीने करता येते. गट ज्या ज्या मूलभूत रीतींनी ‘वाजतो’, त्या प्रत्येक रीतीला गटाचे प्रतिरूपण म्हणतात. सिम्प्लेक्टिक गटाची वाजण्याची रीत बहुतेक वेळा अनंत मितींची असते, आणि प्रत्येक झीगेल मॉड्युलर फॉर्म हा अशाच एका प्रतिरूपणाचा स्वर असतो. कोणत्या प्रतिरूपणांत हे फॉर्म राहतात याचा शोध लावला हरीश-चंद्र यांनी. ते मूळचे कानपूरचे. बंगलोरला भाभांच्या हाताखाली भौतिकशास्त्र शिकले, केंब्रिजला डिरॅककडे गेले आणि तेथून कायमचे गणितात आले.

आणि आता वेय. १९६४ साली, अलिगढ सोडल्यानंतर बत्तीस वर्षांनी, त्याने झीगेलचे काम प्रतिरूपणांच्या भाषेत पुन्हा मांडले. वर्ग मोजणाऱ्या त्या श्रेणी, ज्यांच्यापासून आपण ४८ मिळवले, त्या सिम्प्लेक्टिक गटाच्या एका खास प्रतिरूपणाचे स्वर आहेत, असे त्याने दाखवले. अडचण एवढीच की हे प्रतिरूपण मूळ गटावर नीट बसत नाही. गटाला दुपदरी करावे लागते, म्हणजे मूळ गटात एक फेरी पुरी झाली तरी येथे अर्धीच होते. आज त्याला वेय प्रतिरूपण म्हणतात.

पुढची हकिकत मला सर्वांत आवडते. १९७८ साली नोबुशिगे कुरोकावा या जपानी गणितज्ञाने दोन बाणांच्या, म्हणजे द्वितीय श्रेणीच्या झीगेल फॉर्मचे आकडे हिशेब करून मांडले. प्रत्येक फॉर्मला प्रत्येक मूळ संख्येपाशी एक ठराविक आकडा असतो. तो त्या फॉर्मचा अंगठ्याचा ठसाच म्हणा. ‘वजन’ १० च्या फॉर्मचा २ पाशी आकडा आहे २४०. कुरोकावाच्या ध्यानात आले की वजन १८ चा एक साधा, जुन्या पद्धतीचा फॉर्म आहे, त्याचा २ पाशी आकडा उणे ५२८. आणि २ चा नववा घात ५१२, आठवा घात २५६. बेरीज करा : ५१२ अधिक २५६ वजा ५२८. २४०! प्रत्येक मूळ संख्येपाशी हेच. म्हणजे हा मोठा फॉर्म स्वतंत्र नव्हताच. लहान फॉर्म उचलून वरच्या मजल्यावर ठेवलेला होता. साइतो नावाच्या दुसऱ्या जपानी गणितज्ञालाही हेच सुचले होते. पण आकडे जुळणे म्हणजे सिद्धता नव्हे.

सिद्धतेचा बहुतांश भार ज्याने १९७९ मध्ये उचलला तो होता हान्स मास. तोच, यॉट क्लबमध्ये फळ्यापाशी उभा असलेला. जन्म १९११ चा. म्हणजे वय अडुसष्ट. आंद्रियानोव्ह आणि झागिएर यांनी उरलेले टप्पे पुरे केले. त्याच वर्षी जानेवारीत टाटा संस्थेने याच क्षेत्रावर, म्हणजे मॉड्युलर फॉर्मचे व्यापक रूप आणि प्रतिरूपणे यांवर, पुन्हा आंतरराष्ट्रीय परिषद भरवली होती. १९८३ मध्ये पियातेत्स्की-शापिरोने दाखवले की हे ‘उचलणे’ म्हणजे वेय प्रतिरूपणाचेच काम आहे. अलिगढचा प्राध्यापक आणि मुंबईचा पाहुणा यांचे धागे असे एका गाठीत आले.

विद्यार्थी मित्रहो, येथे तुम्हांला स्वतः करता येईल असे थोडे आहे. उचललेल्या त्या फॉर्मचे मूळ संख्यांपाशी येणारे आकडे नेहमी धनच येतात. का? लहान फॉर्मचा आकडा उणे असला तरी किती मोठा असेल, याला मर्यादा आहे : मूळ संख्येच्या सतराव्या घाताच्या वर्गमुळाची दुप्पट. अशी मर्यादा असावी हा अंदाज रामानुजनने १९१६ मध्ये एका श्रेणीसाठी बांधला आणि देलीन्यने १९७४ मध्ये अशा सर्व श्रेणींसाठी सिद्ध केला. २ साठी ती सुमारे ७२४ येते. आणि ५१२ अधिक २५६ होतात ७६८. वाचलो! पण प्रत्येक वेळी वाचतो कशावरून? दोन असमान धन संख्यांची बेरीज ही त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या दुपटीहून मोठी असते. नववा घात आणि आठवा घात यांचा गुणाकार सतरावा घात. झाले. देलीन्यचा सिद्धांत हिमालयाएवढा, पण शेवटची पायरी तुमच्या शाळेतल्या वर्गविस्ताराची आहे.

द्वितीय श्रेणीत संपूर्ण पूर्णांकी सिम्प्लेक्टिक गटासाठी वजन १०, १२, १४, १६, १८ येथील या जातीचे सर्व मूळ फॉर्म असे उचललेलेच निघतात. पहिला अस्सल, कोणाचाही उसना नसलेला, वजन २० ला भेटतो. उसना कोणता आणि अस्सल कोणता, हे कसे ओळखावे? १९९९ मध्ये ब्रॉइलमानने सिद्ध केले की ज्याचे सर्व आकडे धन तोच उसना. अस्सल फॉर्मच्या आकड्यांत धन-ऋण बदल अनंत वेळा होतो, हे कोनेनने २००७ मध्ये दाखवले. आणि एकेका मूळ संख्येच्या घातांतही, अशा अनंत मूळ संख्यांपाशी, तो बदल अनंत वेळा घडतो, असे २००८ मध्ये राल्फ श्मिट यांच्याबरोबर ज्यांनी सिद्ध केले त्यांचे नाव अमेय पितळे. अस्सल मराठी नाव. ते अमेरिकेत ओक्लाहोमा विद्यापीठात गणित शिकवत आले आहेत, आणि झीगेल मॉड्युलर फॉर्मची जुनी वाट व प्रतिरूपणांची नवी वाट एकत्र सांगणारे त्यांचे पुस्तक २०१९ साली प्रसिद्ध झाले.

आता त्या मुलाचा प्रश्न : उरले काय? पुष्कळ. एकच सांगतो. मोठ्या गटाचे प्रतिरूपण घ्यावे आणि ते फक्त आतल्या लहान गटापुरते पाहावे. मोठ्या स्वरात कोणते लहान स्वर ऐकू येतील? याविषयी गान, ग्रॉस आणि प्रसाद या तिघांनी अनुमाने मांडली आणि २०१२ मध्ये ती ग्रंथरूपाने आली. त्यांतले दीपेंद्र प्रसाद हे अनेक वर्षे टाटा संस्थेत आणि नंतर पवईच्या आय.आय.टी.त काम केलेले. या अनुमानांचे काही भाग सिद्ध झाले. बाकीच्यांवर जगभर लोक बसले आहेत. यशस्वी होतीलच असे नाही.

गॅरेजवाल्या गृहस्थांना मी दुसऱ्या भेटीत ही गोष्ट सांगितली. त्यांना सिम्प्लेक्टिक शब्दात रस नव्हता, पण जयंत नारळीकर कोल्हापूरचे, हे त्यांनी ऐकले होते. १९३८ साली येथे जन्मलेले नारळीकर १९७२ पासून सतरा वर्षे त्याच टाटा संस्थेत होते, हे ऐकून ते जरा सावरून बसले. नारळीकरांनी लिहून ठेवले आहे की लहानपणी त्यांच्या बनारसच्या घरी मोरूमामा फळ्यावर गणिती कोडे लिहीत आणि ते सुटेपर्यंत कोणी पुसत नसे. ‘‘फळ्याला किती पैसे पडतात हो?’’ एवढेच त्यांनी विचारले. मुलगा सध्या आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या आणि पुण्याच्या आयसरच्या प्रवेशांची माहिती काढीत आहे. बाप अजून पुरता राजी नाही, आणि त्याची काळजी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. या वाटेवर पहिला पगार उशिरा हाती पडतो.

टाटा संस्थेच्या त्या जुन्या वह्या आता संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य मिळतात. मुलाने मासच्या व्याख्यानांची पहिली काही पाने छापून आणली. तीन आठवड्यांत चार पाने झाली. परवा संध्याकाळी येऊन त्याने एका ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, ‘‘सर, ही ओळ वरच्या ओळीतून कशी आली?’’ मलाही लगेच सांगता आले नाही. चहा निवत राहिला, आणि आम्ही दोघे कागद घेऊन बसलो.